सभासद, खंडकरी, कोयता : नगर जिल्ह्यातील मालकीची तीन रूपे आणि मराठी समीक्षेतील एक द्वंद्व

१

भांडवलशाही आणि समाजवाद यांच्यातील भेदाची चर्चा मराठी साहित्यविचारात स्थिरावली ती १९३० नंतरच्या दशकात. लालजी पेंडसे यांच्या 'साहित्य आणि समाजजीवन' (१९३५) या ग्रंथाने साहित्याचा विचार उत्पादनसंबंधांच्या संदर्भात करण्याची वाट मोकळी केली. आचार्य जावडेकरांनी 'आधुनिक भारत' (१९३८) मध्ये समाजवादाला सत्याग्रही अधिष्ठान देण्याचा प्रयत्न केला. पुढे शरच्चंद्र मुक्तिबोधांपर्यंत ही चर्चा अनेक वळणे घेत गेली. तिची सौंदर्यशास्त्रीय बाजू अधिक सूक्ष्म झाली. परंतु एक गोष्ट या साऱ्या वळणांत कायम राहिली. चर्चेच्या मुळाशी असलेले समाजचित्र दोन टोकांचे होते : एका टोकाला मालक, दुसऱ्या टोकाला कामगार, मध्ये यंत्र, वेतन आणि संप.

हे चित्र काल्पनिक नव्हते. ते मुंबईच्या गिरणगावातून आले होते. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) या कादंबरीपासून नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहापर्यंत कामगारविषयक मराठी साहित्याचा जो मुख्य प्रवाह सांगितला जातो, त्याची भूमी मुंबई हीच आहे. गिरणीत मालक आणि कामगार यांच्यातील अंतर डोळ्यांना दिसते. मालक दूर असतो, त्याची भाषा बहुधा वेगळी असते, त्याची वस्ती वेगळी असते. त्यामुळे शोषण कोणाचे आणि कोणाकडून, या प्रश्नाचे उत्तर कथानकाच्या आरंभीच मिळालेले असते. लेखकापुढे उरतो तो संघर्षाच्या चित्रणाचा प्रश्न. समीक्षकानेही मग या संघर्षाची तीव्रता, लेखकाची बांधिलकी आणि कलाकृतीची स्वायत्तता यांच्या परस्परसंबंधांची चर्चा करावी, असा एक रिवाज पडून गेला.

प्रश्न असा आहे, की जेथे उसाचा मालक आणि कारखान्याचा मालक एकच आहे, जेथे हा मालक मत देतो, सभेला जातो आणि निवडणुकीत पडतोही, अशा प्रदेशातील साहित्याला हे द्विध्रुवी चित्र कितपत लागू पडते? मराठीत असा प्रदेश आहे. पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा प्रवरा-गोदावरी खोऱ्यातील उत्तर भाग हा त्याचा ठळक नमुना होय. भांडवलशाही आणि समाजवाद यांच्यातील वाद येथे पुस्तकांतून आला त्याहून अधिक सातबाराच्या उताऱ्यांतून आला. म्हणूनच या प्रदेशातील लेखनाकडे पाहताना समीक्षेला आपली परिभाषा तपासून घ्यावी लागते.

२

या प्रदेशाची आर्थिक पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. धरण सरकारी होते, कालवे सरकारी होते; दुष्काळी मुलखाला संरक्षण देणे हा त्यामागील घोषित हेतू होता. पाणी मात्र लवकरच उसाकडे वळले. बागायतीला लागणारे भांडवल कर्जबाजारी शेतकऱ्याजवळ नव्हते. ते कंपन्यांजवळ होते. हरेगाव येथील बेलापूर कंपनी, टिळकनगर येथील महाराष्ट्र शुगर मिल्स, कोपरगाव तालुक्यातील गोदावरी शुगर मिल्स अशा खासगी उद्योगांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या आणि त्यांवर उसाचे विस्तीर्ण मळे उभे केले. सरकारने पाणी द्यावे, शेतकऱ्याने जमीन द्यावी आणि नफा कंपनीने घ्यावा, अशी ही मालकीची पहिली रचना होती.

दुसरी रचना याच परिसरात, याच पाण्यावर आणि बव्हंशी या पहिल्या रचनेला उत्तर म्हणून उभी राहिली. विठ्ठलराव विखे पाटील (१८९७-१९८०) या अल्पशिक्षित शेतकऱ्याच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ (१९०१-१९७१) यांच्या मार्गदर्शनाने लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० च्या गळीत हंगामात त्याने साखर काढण्यास आरंभ केला. मुंबई राज्यातील सहकाराचे धुरीण वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ त्याला होते. पहिली सुमारे दहा वर्षे गाडगीळच कारखान्याचे अध्यक्ष होते. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीचा इतिहास विशीतच लिहिणारा आणि पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद भूषविणारा विद्वान एका खेड्यातील कारखान्याच्या बैठकांना नियमाने बसतो, ही घटना केवळ चरित्रात्मक कुतूहलाची नाही. गाडगीळांच्या दृष्टीने सहकार ही खासगी भांडवल आणि शासकीय मालकी या दोहोंहून भिन्न अशी समाजरचना होती. सभासदाजवळ भाग कितीही असोत, मत एकच, हे तिचे मूलतत्त्व होय.

तिसरी रचना १९६१ च्या जमीनधारणा कमाल मर्यादा कायद्याने आली. कंपन्यांचे मळे शासनाने घेतले, परंतु कारखान्यांचा ऊसपुरवठा खंडित होऊ नये या कारणाने ते तुकड्यातुकड्यांनी वाटले नाहीत. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाच्या हवाली केले. कागदोपत्री पाहता हे समाजवादी पाऊल होते : खासगी कंपनीची जमीन सार्वजनिक मालकीची झाली. ज्यांनी मूळ जमिनी खंडाने दिल्या होत्या त्यांना मात्र आपली जमीन परत मिळण्यासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. या लढ्याच्या नेतृत्वात माधवराव गायकवाड यांच्यासारखे कम्युनिस्ट नेते होते. कायद्यात बदल होऊन उरलेल्या जमिनी वारसांना परत मिळण्याचा मार्ग खुला झाला तो २०१२ च्या सुमारास, म्हणजे महामंडळाच्या स्थापनेनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. राज्याच्या मालकीतून जमीन खासगी मालकीकडे परत जावी यासाठी साम्यवादी पक्षाने लढावे, हा विरोधाभास वरवरचा नाही. पाठ्यपुस्तकी व्याख्या आणि जमिनीवरचे संबंध यांत किती अंतर पडू शकते, याचा तो दाखला आहे.

येथे एका योगायोगाचा निर्देश अप्रस्तुत ठरू नये. जवाहरलाल नेहरू १९४२ ते १९४५ या काळात याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते. त्यांच्यासमवेत आचार्य नरेंद्र देव हे समाजवादी विचारवंतही होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ मध्ये तेथेच लिहिला गेला. १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धाटणीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि १९६१ मध्ये नेहरू प्रवरानगरला आले. किल्ल्यात चिंतिलेल्या भविष्याचे एक मूर्त रूप म्हणून या कारखान्याकडे पाहण्याची प्रथा त्यानंतर पडली. मराठी लेखनातील 'सहकार' या शब्दाला जे तेजोवलय प्राप्त झाले त्याचा उगम या काळात शोधता येतो.

३

मालकीच्या या तीन रूपांनी तीन वेगवेगळ्या लेखनप्रकारांना जन्म दिला, हे या विवेचनातील मध्यवर्ती प्रतिपादन आहे. आर्थिक रचना साहित्यात 'प्रतिबिंबित' होते, असे म्हणून भागत नाही. कोणाला लिहिता येईल, कोणासाठी लिहिता येईल आणि कोणत्या घाटात लिहिता येईल, याचीही मर्यादा ती आखून देते.

कंपनीच्या मळ्यांनी मराठी ललित लेखनाला फारसे काही दिले नाही. कंपनी आपल्याविषयी ताळेबंद लिहिते, भागधारकांना अहवाल पाठविते. तिला आत्मकथन नसते. महामंडळाच्या रचनेतून उद्भवलेला लेखनप्रकार म्हणजे अर्ज, निवेदन आणि मागणीपत्रक. या लेखनाचा वाचक एकच : शासन. त्याची शैली विनंतीची, त्याचा काळ 'आजपावेतो' हा. या व्यवहारात एका शब्दाचा अर्थ कसा फिरला हे पाहण्यासारखे आहे. सामान्य मराठीत खंडाने जमीन कसावयास घेणारा तो खंडकरी. श्रीरामपूर-कोपरगावच्या बोलण्यात मात्र ज्याने जमीन कंपनीला खंडाने दिली तो मूळ जमीनधारक 'खंडकरी शेतकरी' झाला. जमीनमालकाला कुळवाचक संज्ञा मिळावी, इतकी या व्यवहारात मालकीची दिशा उलटली होती. कोणत्याही अर्थशास्त्रीय प्रबंधापेक्षा भाषेने हे वास्तव अधिक नेमकेपणाने नोंदविले आहे.

सहकाराचे तसे नाही. सहकाराने विपुल लेखन निर्माण केले, आणि त्याचा प्रधान घाट चरित्राचा, आत्मचरित्राचा आणि गौरवग्रंथाचा आहे. डाव्या चळवळीच्या संस्कारांतून सहकाराकडे आलेले संगमनेरचे भाऊसाहेब थोरात यांचे 'अमृतमंथन' आणि २०२० मध्ये प्रकाशित झालेले बाळासाहेब विखे पाटील यांचे 'देह वेचावा कारणी' ही या प्रकाराची दोन लक्षणीय उदाहरणे. दोहोंची शीर्षके विचारात घेण्याजोगी आहेत. एक शीर्षक पुराणातून येते, दुसरे संतपरंपरेच्या शब्दकळेतून. समुद्रमंथनाच्या प्रतिमेत देव आणि दानव एकाच दोरीला लागतात. तिच्यात संघर्षाला जागा आहे, पण तो संघर्ष अमृताच्या प्राप्तीत विसर्जित होतो. देह वेचण्याच्या कल्पनेत तर 'मी' स्वतःला खर्ची घालतो. घेणारा कोणी उरतच नाही. भाग, कर्ज, उचल, ऊसदर आणि व्याज यांच्या व्यवहारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी आत्मकथनाला नाव देताना अर्थव्यवहाराची परिभाषा दूर ठेवावी, याला सांस्कृतिक अर्थ आहे.

हाच अर्थ बिरुदांतूनही प्रकट होतो. या क्षेत्रातील कर्त्या पुरुषांना स्तुतीच्या भाषेत 'सहकारमहर्षी' म्हटले गेले, टीकेच्या भाषेत 'साखरसम्राट'. एक शब्द संन्यस्ताचा, दुसरा राजाचा. ऋषीला मालमत्ता नसते आणि सम्राटाला हिशेब द्यावा लागत नाही. या दोन उपाधींच्या मधोमध जो खरा, घटनेने ठरवून दिलेला, सभासदांना उत्तरदायी असा पदाधिकारी आहे, त्या 'अध्यक्षा'साठी भाषेने कोणतीही भावपूर्ण संज्ञा घडविली नाही. लोकशाही सहकाराला स्वतःची अशी प्रतिमा मराठीत मिळाली नाही. तिने जुन्या प्रतिमा उसन्या घेतल्या. गाडगीळांच्या विचारातील सहकार आणि आत्मचरित्रांतील सहकार यांच्यातील अंतर नेमके येथे आहे. पहिल्याचा नायक 'सभासद' आहे, दुसऱ्याचा नायक संस्थापक आहे.

४

कादंबरीने हे अंतर ओळखले का, हा पुढचा प्रश्न. रंगनाथ पठारे यांची 'ताम्रपट' (१९९४) ही कादंबरी या संदर्भात अपरिहार्य ठरते. संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापन केलेल्या या लेखकाने बेचाळीसच्या आंदोलनापासून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंतचा व्यापक पट मांडला. त्यात राजकारण आहे, शिक्षणसंस्था आहेत, सहकार आहे. १९९९ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ताम्रपट हे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, स्वातंत्र्यसैनिकांना देण्यात आलेले सन्मानपत्र. इतिहासाचे रूपांतर धातूच्या पत्र्यात होते आणि ज्यांनी इतिहास घडविला ते त्या पत्र्याचे धारक होतात, ही शीर्षकातील सूचना कादंबरीच्या आशयाशी एकरूप आहे.

गिरणीच्या कथात्म साहित्यात कळसाध्याय बहुधा संपाचा असतो. सहकाराच्या प्रदेशातील कथानकाला ही सोय नाही, कारण संप करावयाचा तो कोणाविरुद्ध? मालक आपणच आहोत, असे प्रत्येकाला सांगितले गेले आहे. म्हणून येथे संघर्षाचे स्थळ बदलते. तो निवडणुकीत, संस्थेच्या कार्यकारिणीत, वार्षिक सर्वसाधारण सभेत घडतो. 'मंजूर, मंजूर' या घोषणांत काही मिनिटांत आटोपणारी सभा हे या प्रदेशाचे प्रातिनिधिक नाट्य होय : तेथे लोकशाहीचा विधी पूर्ण होतो आणि लोकशाही मात्र घडत नाही. 'ताम्रपट'सारख्या कादंबरीला एकाच नायकाऐवजी अनेक पात्रांचा, संस्थांचा आणि दीर्घ कालावधीचा विस्तार लागतो, यामागे हेच कारण आहे. शोषक ही येथे व्यक्ती नसून एक प्रक्रिया आहे. आदर्शवादी माणूस संस्था उभारतो, संस्था सत्ता देते, सत्ता संस्थेला गिळते. या प्रक्रियेला गिरणीच्या कथानकाचा घाट पुरत नाही. अशा कादंबरीवर 'पसरट' असा शेरा मारताना समीक्षेने वास्तवाचा पसारा आणि रचनेचा सैलपणा यांत भेद केला पाहिजे.

तथापि 'ताम्रपट'च्याही दृष्टीच्या केंद्रस्थानी संस्थेच्या आतील माणसे आहेत. संस्थेबाहेरचा माणूस दिसतो तो याच जिल्ह्यातून आलेल्या एका वेगळ्या पुस्तकात. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) अकोले तालुक्यातील धामणगाव आणि मुंबईचा कावाखाना या दोन ठिकाणांत ये-जा करते. वर उल्लेखिलेल्या दोन आत्मचरित्रांच्या आणि एका कादंबरीच्या शीर्षकांशेजारी हे शीर्षक ठेवले म्हणजे एक गोष्ट चटकन लक्षात येते : चौघांपैकी केवळ हेच शीर्षक एका आर्थिक संबंधाचे नाव आहे. बलुते हा वेतन नव्हे, कारण त्यात करार नाही. ते दान नव्हे, कारण त्यात हक्काचा आभास आहे. आणि तो सामुदायिक वाटाही नव्हे, कारण वाटेकऱ्याला ठरविण्याचा अधिकार नाही. जातीने नेमून दिलेल्या कामाच्या मोबदल्यात जातीने ठरविलेला धान्याचा हिस्सा, ही व्यवस्था भांडवलशाहीच्या आधीची आहे आणि समाजवादाच्या कोणत्याही सूत्रात ती बसत नाही. समीक्षेने 'बलुतं'चे वाचन प्रामुख्याने जातीय अपमानाचे आत्मकथन म्हणून केले. ते यथार्थच होते. पण त्यामुळे शीर्षकातला अर्थशास्त्रीय दावा दुर्लक्षित राहिला.

भंडारदरा धरण ज्या तालुक्यात आहे त्याच अकोले तालुक्यात दया पवारांचे गाव आहे, आणि धरण बांधणाऱ्या मजूर स्त्रीच्या तोंडची त्यांची कविता मराठीत सर्वपरिचित आहे. ती कविता विशिष्ट धरणाविषयी आहे असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु आपल्या श्रमाने अडविलेले पाणी दुसऱ्याच्या शेताला जाणार हे जाणणारी तिची निवेदिका, कंपनी, महामंडळ आणि सहकार या तिन्ही रचनांच्या अगोदर उभी आहे. पाणी कोणाच्या मालकीचे, हा वाद सुरू होण्यापूर्वीच तिचे काम संपलेले असते.

५

या प्रतिपादनावर दोन बाजूंनी आक्षेप संभवतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप कडव्या मार्क्सवादी भूमिकेतून येईल. सहकारी कारखाना हा बागायतदार वर्गाने राज्याच्या साहाय्याने उभारलेला भांडवलदारी उद्योगच आहे. 'सभासद' ही संज्ञा वर्गसंबंध झाकणारा पडदा आहे. तेव्हा तिसऱ्या रचनेची भाषा करणेच दिशाभूल करणारे आहे, असे ही भूमिका म्हणेल. दुसरा आक्षेप शरद जोशी (१९३५-२०१५) यांच्या विचाराने प्रभावित अभ्यासक घेतील. त्यांच्या मते शेतकऱ्याचे शोषण करणारा खरा घटक राज्यसंस्था हाच. परवाना, क्षेत्रबंदी, लेव्ही आणि नियंत्रित भाव यांनी बांधलेला सहकार म्हणजे समाजवादी नियोजनाची ग्रामीण शाखा. खुल्या बाजारातच शेतकऱ्याला न्याय मिळेल.

या दोन परस्परविरोधी आक्षेपांना एकाच संस्थेच्या वर्तनातून भरपूर पुरावे मिळतात, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. शासनाचे भागभांडवल आणि कर्जहमी यांवर कारखाने उभे राहिले, हे खरे. पाणी आणि पत यांचा लाभ प्रथम बागायतदाराला झाला, हेही खरे. कोपरगाव परिसरातील सहकारी कारखान्याचा समाजशास्त्रीय अभ्यास करून बी. एस. बाविस्कर यांनी १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या विवेचनात अर्थकारण आणि सत्ताकारण यांची ही गुंतागुंत बारकाईने आली आहे. त्याच वेळी हेही नाकारता येत नाही की कंपनीच्या मळ्याशेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती या रचनेने प्रथमच मत दिले, आणि तिच्या आधाराने शाळा, महाविद्यालये व रुग्णालये उभी राहिली. डाव्या चळवळीतून आलेल्या माणसांनी या प्रदेशात वेगवेगळ्या वाटा निवडल्या. अण्णासाहेब शिंदे केंद्रीय कृषी राज्यमंत्री झाले. भाऊसाहेब थोरातांनी कारखाना उभारला. दत्ता देशमुख लाल निशाण पक्षात राहून पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी आणि आठमाही सिंचनासाठी आग्रह धरीत राहिले. या तिघांत 'खरा समाजवादी' कोण, हा प्रश्न समीक्षेला उपयोगाचा नाही. एकाच विचारधारेतून तीन उत्तरे निघावीत, असे या भूमीच्या प्रश्नात काय होते, हा प्रश्न उपयोगाचा आहे.

मात्र दोन्ही आक्षेपकांच्या चौकटीत एक घटक सारखाच निसटतो. तो म्हणजे ऊसतोड करणारा स्थलांतरित मजूर. बीड जिल्ह्यातून आणि नगर जिल्ह्याच्याच पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत हंगाम काढतात. या व्यवहारात मजुराच्या मोजणीचे परिमाण 'कोयता' हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धा कोयता. हत्याराचे नाव माणसाला मिळते, आणि तेही दोघांत मिळून एक. लक्षणेचा हा प्रयोग अलंकारशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथातील उदाहरणाइतका नेमका आहे आणि त्याहून कितीतरी निर्दय आहे. स्त्रीचा श्रम त्यात जोडीच्या आत विरघळून जातो. तिच्या नावाने वेगळी मजुरी लिहिली जात नाही.

हा कोयता सभासद नाही, कारण त्याच्याजवळ ऊस नाही. तो कारखान्याचा कामगार नाही, कारण त्याचा व्यवहार मुकादमाशी आहे. तो खंडकरी नाही, कारण कंपनीला देण्याजोगी पाण्याखालची जमीन त्याच्याजवळ कधी नव्हती. कारखाना खासगी असो, सहकारी असो, त्याची स्थिती फारशी बदलत नाही. भांडवलशाही आणि समाजवाद यांच्यातील भेदाची चर्चा करताना मालकी कोणाची, हा प्रश्न निर्णायक मानला जातो. कोयता या चर्चेपुढे दुसरा प्रश्न ठेवतो : मालकी बदलली तरी ज्याचे स्थान बदलत नाही, त्याचे काय?

या प्रश्नाचे सैद्धान्तिक पूर्वरूप मराठी समीक्षेला दूर शोधावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेती हा राज्याच्या मालकीचा उद्योग करावा आणि जमीन जातिधर्मनिरपेक्षपणे गावातील कुटुंबांना सामूहिक कसणुकीसाठी द्यावी, अशी योजना मांडली होती. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्ग नाहीसे व्हावेत, हा तिचा हेतू होता. शेती महामंडळ वरवर पाहता या योजनेच्या जवळचे वाटते. प्रत्यक्षात आंबेडकरांच्या योजनेत जो भूमिहीन कसणारा होणार होता, तो महामंडळात मजूरच राहिला. राज्य मालक झाले, संबंध तेच राहिले. रावसाहेब कसबे यांच्या 'आंबेडकर आणि मार्क्स' (१९८५) या ग्रंथाने या दोन विचारप्रणालींचा जो संवाद मराठीत घडविला, तो साहित्यसमीक्षेने प्रामुख्याने दलित साहित्याच्या चर्चेपुरता वापरला. सहकाराच्या प्रदेशातील लेखनाला तो लावून पाहिला, तर 'ग्रामीण' आणि 'दलित' अशी लेखनाची जी विभागणी अभ्यासक्रमांनी रूढ केली आहे तिचेच पुनर्परीक्षण करावे लागेल. आत्मचरित्रकार अध्यक्ष आणि 'बलुतं'चा निवेदक एकाच नदीच्या खोऱ्यातले आहेत. अभ्यासक्रमात मात्र ते दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत असतात.

६

१९९१ नंतर या चर्चेची पार्श्वभूमी पालटली. १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रातील अनेक सहकारी कारखाने तोट्यात जाऊन विकले गेले व खासगी मालकीचे झाले. काही ठिकाणी कालच्या सहकारी नेतृत्वाच्याच हाती आजची खासगी मालकी आली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर समाजवादाचा प्रश्न निकालात निघाला, असा समज याच काळात रूढ झाला. नगर जिल्ह्याचा अनुभव या समजाला दुजोरा देत नाही. त्याचप्रमाणे तो समाजवादाच्या जुन्या सूत्रांचे समर्थनही करीत नाही. कंपनी ते सहकार, कंपनी ते महामंडळ, महामंडळ ते वारसदार, सहकार ते कंपनी अशी मालकीची वर्तुळे येथे एका शतकात फिरली. दरम्यान याच जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त भागात हिवरे बाजारसारख्या गावाने ऊस न लावण्याचा आणि सिंचनासाठी विंधनविहिरी न घेण्याचा नियम ग्रामसभेतून करून पाण्याच्या सामुदायिक वापराचा वेगळाच पाठ घालून दिला. मालकीच्या प्रश्नाइतकाच वापराच्या मर्यादेचा प्रश्न महत्त्वाचा असतो, हे त्यातून सूचित होते. भांडवलशाही आणि समाजवाद या दोन्ही विचारसरणींनी या प्रश्नाकडे दीर्घकाळ पाठ फिरविली होती.

या साऱ्यातून समीक्षेसाठी काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट अशी, की 'वर्ग' ही संकल्पना टाकून देण्याची आवश्यकता नाही, पण गिरणीच्या साच्यातून ती बाहेर काढली पाहिजे. सहकाराच्या प्रदेशात एकच माणूस ऊस विकणारा, भागधारक, मतदार, कर्जदार आणि मजूर लावणारा असतो. साहित्यकृतीतील पात्राच्या वर्गीय स्थानाचा विचार करताना या अनेक भूमिकांतील ताण वाचता आला पाहिजे. दुसरी गोष्ट, साहित्यप्रकारांचे मूल्यमापन करताना तो प्रकार कोणत्या मालकीच्या आश्रयाने वाढला, हे विचारले पाहिजे. आत्मचरित्राची विपुलता आणि अर्ज-निवेदनांची साहित्यबाह्यता या दोन्ही गोष्टी आकस्मिक नाहीत. कारखान्यांचे वार्षिक अहवाल, अध्यक्षांची भाषणे, गौरवग्रंथ, खंडकऱ्यांची निवेदने हे सारे मजकूर संहिता म्हणून वाचण्याची शिस्त मराठी विभागांतील संशोधनाने अंगीकारली, तर विशिष्ट कादंबरीतील 'सामाजिक जाणीव' शोधणाऱ्या प्रबंधांहून अधिक काही हाती लागेल.

तिसरी गोष्ट मूल्यविचाराशी निगडित आहे. भांडवलशाही आणि समाजवाद यांपैकी लेखक कोणत्या बाजूला आहे, यावरून त्याच्या कृतीची थोरवी ठरविण्याचे दिवस गेले, असे म्हटले जाते. ते योग्यच झाले. परंतु त्याच्या जागी केवळ भाषिक रचनेची तपासणी आली, तर एका अपुऱ्या निकषाची जागा दुसऱ्या अपुऱ्या निकषाने घेतली असे होईल. मालकीच्या कोणत्याही व्यवस्थेला आपली अशी एक भाषा असते आणि त्या भाषेत काही माणसे कर्ता म्हणून येतात, काही कर्म म्हणून, तर काही केवळ करण म्हणून, म्हणजे साधन म्हणून येतात. 'कोयत्याने ऊस तोडला' या वाक्यातील तृतीया विभक्ती करणाची की कर्त्याची, हे व्याकरण ठरवू शकत नाही. ऐकणाऱ्याने कोयता कोणाला म्हणावयाचे यावर ते ठरते. या प्रदेशाच्या साहित्याचे मोठेपण या विभक्तीचा अर्थ पालटण्याच्या त्याच्या सामर्थ्यात शोधावे लागेल. 'बलुतं'ने एका पिढीपूर्वी तो एका शब्दापुरता पालटून दाखविला. साखरेच्या प्रदेशातील कोयत्याचे नाव, गाव आणि घेतलेली रक्कम आज सलगपणे आढळते ती मुकादमाच्या वहीत. मराठी समीक्षेच्या वाचनकक्षेत ही वही अद्याप आलेली नाही.